टीएमसी मोजून झालं, आता पाणी मोजा

आमच्या बेळगाव भागात पाण्यावर कुणालाही बोलायला लावा, कट्ट्यावरचा म्हातारा असू दे नायतर आमदार, दोन मिनिटांत तो टीएमसीवर, म्हणजे अब्ज घनफुटांवर येतो. कोयनेतनं इतकं सोडलं, हिडकलला इतकं उरलं, अलमट्टीची उंची इतकी वाढवणार. म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा लवाद २०१० ला नेमला, २०१८ च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, त्यातलं मलप्रभेत वळवायचं ३.९, म्हणजे कळसा नाल्याचं १.७२ आणि भांडुरा नाल्याचं २.१८. दशांश चिन्हासकट पाठ असलेली माणसं आहेत इथं. पण त्या पाण्यात विरघळलेलं काय आहे, ते कुठल्या खडकातनं आलं, नदीतलं पावसाचं किती आणि जमिनीखालनं झिरपून आलेलं किती, हे विचारा की बैठक संपते. लवादाच्या निकालात पाणी म्हणजे घनफूट, प्रदूषण मंडळाच्या कागदात पाणी म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते तो आकडा), आणि ग्रामपंचायतीत पाणी म्हणजे मोटर चालू आहे का बंद.

माझं म्हणणं सरळ आहे. नदी आणि बोअर मिळून एकच पाणी आहे, त्यातल्या क्षारांचा नियमित, उघडा, दोन्ही राज्यांना मान्य असा हिशेब असल्याशिवाय आमच्या सीमाभागात धरणावर, कालव्यावर की चुनखडीच्या खाणीवर कसलाही निर्णय व्हायला नको. हे ऐकून लोक म्हणतात, आधी पाणी तर येऊ दे, मग त्यातलं कॅल्शियम मोजत बसू. त्याला उत्तर आहे माझ्याकडं, पण आधी हे मोजणं म्हणजे काय ते जरा बघू, कारण हे शास्त्र आमच्याच दगडांवर उभं आहे आणि आम्हालाच त्याचा पत्ता नाही.

पाऊस पडतो तेव्हा पाण्यात जवळजवळ काही नसतं, वाऱ्याबरोबर आलेलं समुद्राचं थोडं मीठ, धूळ, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड. हवेत तो ०.०४ टक्क्याच्या आसपास. पण पाणी मातीत उतरलं की गोष्ट बदलते, कारण मुळं आणि मातीतले जंतू श्वास घेतात, त्या मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा दहापट, कधी त्याहून कितीतरी जास्त असतो, त्यानं पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि ते आम्ल खडक झिजवतं. खडकातनं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सिलिका सुटून पाण्यात येतात, आणि त्या आम्लाचं होतं बायकार्बोनेट. नदीच्या पाण्यात जे विरघळलेलं असतं त्यातला मोठा भाग हाच. प्रत्येक खडक वेगळ्या प्रमाणात सोडतो. चुनखडी जवळपास निव्वळ कॅल्शियम देते, डोलोमाइट कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम, बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा दगड, सगळंच थोडं थोडं आणि वर सिलिका, आणि जुना नाईस, म्हणजे ग्रॅनाइटसारखा पट्टेदार दगड, जरा कंजूष, सोडियम आणि सिलिका देतो, तेही सावकाश.

आता मलप्रभा बघा. उगम कणकुंबीला, खानापूर तालुक्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ७९२ मीटरवर. तिथं वर जांभा दगड, तो लाखो वर्षं पावसानं धुऊन धुऊन इतका रिकामा झालाय की विरघळायला त्याच्यात काही राहिलेलंच नाही, म्हणून तिथल्या झऱ्याचं पाणी मऊ, साबणाला लगेच फेस. पुढं खानापूर ओलांडून पूर्वेला गेलं की धारवाडी शिस्ट, नाईस, काळी माती, मग सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचं धरण, पुढं रामदुर्गकडं कलादगीचे खडक म्हणजे क्वार्टझाइट, चुनखडी, डोलोमाइट, आणि शेवटी ३०० किलोमीटरच्या वर वाहून बागलकोट जिल्ह्यात कूडलसंगमला कृष्णेला मिळते. घाटावर पाऊस हजारो मिलिमीटर, रामदुर्गकडं पाचशे-सहाशेच्या घरात. म्हणजे खडकही बदलला, पाऊसही आटला, ऊन वाढलं, शेतीतनं परत आलेलं पाणी मिसळलं. जंगलाकडच्या गावातल्या बाईला जड पाणी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल, रामदुर्ग-सौंदत्तीकडच्या बोअरचं पाणी भरणाऱ्या बाईला नाही, तिच्या तपेल्याला आतनं पांढरा थर बसलाय, तूरडाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेते तरी शिजत नाही. एकाच नदीच्या खोऱ्यातल्या दोघी.

यावर भारतात चांगलं काम झालंय, आणि तेही आमच्या अंगणात. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतले एस. कृष्णस्वामी आणि त्यांचे सहकारी, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यातल्या रसायनावर ज्यांचं नाव जगात घेतलं जातं, त्यांनी कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातल्या नद्या आणि घाट उतरून पश्चिमेला जाणाऱ्या नद्या, दोन्हीकडचं पाणी तपासलं, ते २००५ च्या सुमाराला प्रसिद्ध झालं. प्रश्न होता डेक्कनचा बेसॉल्ट किती वेगानं झिजतो आणि तो वेग कशावर ठरतो. उत्तरात पाऊस आणि तापमान हे दोन मोठे खेळाडू निघाले, आणि कोरड्या भागात मातीत साचलेले क्षार नदीच्या हिशेबात घुसतात हेही दिसलं.

आता कुणी म्हणेल या अभ्यासाचा आमच्या नळाशी काय संबंध. जगाच्या दृष्टीनं संबंध हवामानाशी आहे. बेसॉल्टसारखा सिलिकेट खडक झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेट करून समुद्राकडं पाठवतो, तिथं त्याचा चुना होतो आणि तो लाखो वर्षांसाठी अडकतो. चुनखडी झिजताना पण हवेतला वायू लागतो, पण समुद्रात शिंपले-प्रवाळ चुना बनवतात तेव्हा तेवढाच परत सुटतो, म्हणून लांबच्या हिशेबात बेरीज शून्य. बेसॉल्ट जगातल्या जमिनीच्या जेमतेम पाच टक्क्यांवर आहे पण सिलिकेट झिजेतनं ओढल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण तीस टक्के वाटा त्याचा, असा अंदाज मांडला गेलाय. म्हणजे चिकोडी-निपाणीकडचा काळा दगड जगाच्या हवेचं काम करतोय आणि आम्ही त्याची खडी करून रस्त्यावर टाकतोय, असो.

आमच्या कामाची गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे पद्धत. सोडियमला कॅल्शियम किती, बायकार्बोनेटला सिलिका किती, आणि स्ट्रॉन्शियम या धातूचे ८७ व ८६ हे दोन प्रकार एकमेकांच्या किती प्रमाणात, हे मोजलं की पाणी कुठल्या खडकातनं फिरून आलंय ते बऱ्यापैकी सांगता येतं. डेक्कनच्या ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टमध्ये हे प्रमाण कमी, शेकडो कोटी वर्षं जुन्या नाईसमध्ये जास्त. पाण्यातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण बघितलं तर ते पाणी थेट पावसाचं की कालव्यात, तळ्यात उन्हात आटून मग मुरलेलं, हेही कळतं. म्हणजे ‘हे पाणी कुणाचं’ हा जो प्रश्न आम्ही सत्तर वर्षं नकाशावर भांडतोय, त्याचं एक उत्तर पाण्यात लिहिलेलं असतं, आणि त्या उत्तराला कर्नाटक-महाराष्ट्र-गोवा काही समजत नाही.

आता चुनखडीवर येतो, कारण तिथं हा विषय गंमतीचा राहत नाही. जिल्ह्याच्या पूर्व भागात कलादगीचे खडक आहेत, शंभर कोटी वर्षांहून जुने, गोकाकचा धबधबा ज्या दगडावरनं पडतो तो त्याच कुटुंबातला वाळूचा दगड. त्याच पट्ट्यात पूर्वी गोकाक आणि आता मूडलगी तालुक्यात असलेल्या यादवाडपासून पुढं बागलकोट जिल्ह्यातल्या लोकापूर-मुधोळकडं चुनखडी आहे आणि म्हणूनच सिमेंटवाले आहेत. आंध्रातल्या बेलूमसारखी तीन किलोमीटरवर लांब गुहा इकडं कुणी दाखवत नाही, म्हणून लोकांना वाटतं आपल्याकडं तसलं काही नाही. पण विरघळून झालेल्या पोकळ्या आहेत, बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याला विचारा, एका ठिकाणी रॉड एकदम खाली जातो, ‘पोकळी लागली’ म्हणतात, आणि पाणी भसाभस, शेजारच्या रानात तीन बोअर मारले तरी नुसती धूळ. बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतनं, मुरमातनं सावकाश जातं, थोडं गाळलं जातं. चुनखडीत ते नळातनं गेल्यासारखं जातं, आणि नळ काही गाळत नाही.

याची जगातली सगळ्यात गाजलेली केस म्हणजे जर्मनीतली डॅन्यूब, आणि ती आमच्या सीमाभागातल्या माणसानं वाचावी अशीच आहे. इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूब नदी चुनखडीत मुरते, उन्हाळ्यात पात्र काही वेळा पूर्ण कोरडं पडतं. हे पाणी जातं कुठं यावर भांडण, कारण खाली दक्षिणेला आख नावाच्या ठिकाणी एक प्रचंड झरा आहे आणि त्या झऱ्याच्या पाण्यावर चालणारे कारखाने होते, त्यांना भीती की वरच्यांनी पात्रातली भोकं बुजवली तर आपण बसलो. १८७७ मध्ये कार्ल्सरूहचे प्राध्यापक अडोल्फ क्नोप यांनी पाणी जिथं मुरतं तिथं मीठ टाकलं, खनिज तेल टाकलं, आणि फ्लुरेसीन नावाचा रंग १० किलो टाकला. साधारण ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आखच्या झऱ्यातनं चमकदार हिरवं पाणी यायला लागलं. म्हणजे डॅन्यूबचं, काळ्या समुद्राकडं जाणारं पाणी जमिनीखालनं पलटी मारून ऱ्हाईनला, उत्तर समुद्राला चाललं होतं. एका बाजूला व्युर्टेंबर्ग आणि प्रशिया, दुसऱ्या बाजूला बाडेन, अशी राज्यं यावर कोर्टात गेली, १९२७ मध्ये निकाल आला, त्याचा गोषवारा असा की निसर्गानं जे मुरतंय ते मुरू द्या, माणसानं हातानं ते वाढवूही नये आणि अडवूही नये. निकाल पटो न पटो, पण कोर्टासमोर जाण्याआधी पाणी कुठनं कुठं जातंय हे कुणीतरी पाण्यात रंग टाकून दाखवलं होतं, पन्नास वर्षं आधी. आमच्याकडं खटला आधी, लवाद आधी, आंदोलन आधी, रास्ता रोको आधी, आणि रंग टाकायचं अजून कुणाच्या डोक्यात नाही.

दुसरी केस दुःखाची. कॅनडात वॉकर्टन नावाचं पाच हजार वस्तीचं गाव, मे २००० मध्ये जोराचा पाऊस झाला, शेतातल्या जनावरांच्या शेणातला जंतू भेगाळलेल्या चुनखडीतनं गावच्या उथळ विहिरीत गेला, क्लोरीनकडं माणसांनी नीट बघितलं नाही, सात जण गेले आणि दोन हजारांहून जास्त आजारी पडले. पाणी वरनं स्वच्छ दिसत होतं. यावरनं मी एवढंच घेतो की चुनखडीच्या पट्ट्यातल्या गावात पहिल्या पावसानंतरचे काही दिवस बोअरचं पाणी तपासणं हे उन्हाळ्यात तपासण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

आणि नेमकं इथंच आमची सरकारी पद्धत उलटी चालते. खाण किंवा कारखाना येणार असला की २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण आघात अहवाल होतो, जनसुनावणी होते, मांडव, खुर्च्या, पोलीस बंदोबस्त सगळं. पण त्या अहवालासाठी पाण्याचे, हवेचे आधारभूत आकडे बहुतेक वेळा एका ऋतूचे घेतात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून. तीन महिन्यांचे नमुने, सुक्या दिवसांतले. बेसॉल्टवर हे एक वेळ चालेल, चुनखडीवर अजिबात नाही. चुनखडीत वर्षाची खरी गोष्ट जून ते ऑक्टोबरमध्ये घडते, पाणी पोकळ्यांतनं धावतं, पातळी काही दिवसांत फुटांनी वर येते, कॅल्शियम कमी होतं कारण ताजं पाणी ढकलून आत येतं, आणि गढूळपणा, जंतू, नायट्रेट एकदम वर जातात. ते बघितलंच नाही तर खाणीचा खड्डा भूजलाच्या खाली गेल्यावर आणि पंपानं पाणी उपसायला लागल्यावर कुठल्या गावची विहीर आटेल हे तुम्ही कशावरनं सांगणार? मग पाच वर्षांनी विहीर आटते, शेतकरी म्हणतो खाणीमुळं, खाणवाले म्हणतात पाऊस कमी, आणि दोघांकडंही आधीचे आकडे नाहीत. मी खाणीच्या विरोधात नाही, माझ्या घराला पण सिमेंटच लागलंय. पण चुनखडीच्या पट्ट्यात निदान एक पूर्ण जलवर्ष, जून ते मे, नद्या, नाले, विहिरी, बोअर धरून मोजल्याशिवाय सुनावणीच लावू नये, आणि जिथं शक्य आहे तिथं रंगाची चाचणी करावी, असा नियम राज्य सरकार आपल्या पातळीवर घालू शकतं.

आता ऊस. यावर बोललं की आमच्याकडं लोक नाराज होतात, कारण कुणाचा मामा कारखान्यात संचालक तर कुणाचा चुलता टोळीचा मुकादम. बेळगाव जिल्हा कर्नाटकातला साखरेचा बालेकिल्ला, चिकोडी, अथणी, रायबाग, कागवाड सगळा ऊसच ऊस. नदीत मळी सोडली, मासे मेले, की बातमी होते, ती व्हायलाच पाहिजे. पण जे रोज, सावकाश, बातमी न होता चाललंय ते जास्त मोठं आहे. उसाला पोत्यावर पोती युरिया पडतो. युरियातला नायट्रोजन मातीत अमोनियाच्या रूपात येतो, मातीतले जंतू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते करताना आम्ल तयार होतं. ते आम्ल कुठं जाणार, आमच्या काळ्या मातीत चुनखड्यांचे खडे भरपूर, त्यांना ते विरघळवतं, आणि कॅल्शियम सोडून पाणी जड होतं. म्हणजे एकाच बोअरच्या पाण्यात नायट्रेट पण वाढतं आणि जडपणा पण वाढतो, आणि लोक म्हणतात आमच्या जमिनीचं पाणीच असं, आमच्या आज्याच्या काळापासनं. आज्याच्या काळापासनं नसेल हो. हे ओळखायचं कसं, तर निसर्गात चुनखडी कार्बोनिक आम्लानं विरघळली की कॅल्शियमबरोबर बायकार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात येतं. खतातल्या आम्लानं विरघळली की कॅल्शियम जास्त आणि बायकार्बोनेट त्या मानानं कमी, आणि बरोबर नायट्रेट. हे फ्रान्समधल्या शेतीच्या छोट्या खोऱ्यांत दाखवलं गेलंय. मोजायला अवघड नाही. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानं नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, त्याला सवलतच नाही, जडपणाला मात्र २०० ते ६०० पर्यंत सूट आहे, म्हणून तपासणीत जडपणा ‘चालतंय’ म्हणून सुटतो आणि त्याच्यामागचं कारण कुणी विचारत नाही.

याच्या पुढचं पाऊल म्हणजे चोपण जमीन. नदीकाठच्या रानात वर्षानुवर्षं भरमसाट पाणी पाजलं, निचरा नाही, पातळी वर आली, ऊन लागून पाणी आटत राहिलं. पाणी आटताना त्यातला कॅल्शियम आधी खड्याच्या रूपात बाहेर पडतो, आणि मागं राहतो सोडियम. सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होऊन घट्ट बसतात, मातीची दारं बंद, पाणी वर तसंच उभं राहतं, पांढरं फूल येतं. मग कृषी खात्याचा माणूस येऊन सांगतो जिप्सम टाका, चर काढा, पाइप निचरा करा. बरोबरच सांगतो, जिप्समनं गेलेलं कॅल्शियम परत मिळतं. पण हा सल्ला पंधरा वर्षं आधी द्यायचा तर त्या पाण्यातला सोडियम आणि कॅल्शियम पंधरा वर्षं दरसाल कुणीतरी मोजायला पाहिजे होता. मलप्रभेच्या कालव्याखालच्या शेतकऱ्यांनी १९८० मध्ये नरगुंद-नवलगुंदला पाणीपट्टीवरनं उठाव केला, गोळीबार झाला, माणसं मेली. तेव्हाही सरकार घनफुटाचा आणि रुपयाचा हिशेब घेऊन बसलं होतं.

हां, आता तो आक्षेप. आधी पाणी तर द्या. हे बोलणाऱ्याच्या घरी आठवड्यातनं एकदा नळ येत असेल तर त्याला मी उत्तर देत नाही, त्याला आधी पाणीच द्यावं. पण सरकारला मात्र हे कारण सांगायचा हक्क नाही, कारण मोजायचं सामान आधीच गावात पोचलंय. २०१९ ला सुरू झालेल्या जलजीवन मिशनखाली गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं आणि ग्रामपंचायतीला तपासणीचं किट द्यायचं असं ठरलं. त्या किटमध्ये काय काय मोजता येतं बघा, आम्लता, जडपणा, अल्कलिनिटी, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, गढूळपणा. अल्कलिनिटी म्हणजे आमच्याकडच्या पाण्यात मुख्यतः बायकार्बोनेटच. म्हणजे नदीच्या रसायनाचा शास्त्रज्ञ जे मोजतो त्यातलं अर्धं सामान त्या पेटीत आहे! फक्त पेटी धूळ खाते किंवा मोजलेलं ‘पिण्यास योग्य’ एवढंच होऊन पोर्टलवर जातं, आणि आकडा मेला. पीडीओला, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला, त्यातला आकडा विचारला तर तो फाइल शोधतो, फाइल सापडते पण पान नाही.

किटचे आकडे ढोबळ असतात हे मान्य. म्हणून दर महिन्याला नाही, पण वर्षातनं चार वेळा प्रत्येक तालुक्यातनं ठरलेल्या जागांचे नमुने चांगल्या प्रयोगशाळेत जायला पाहिजेत, आणि तिथं सोडियम, पोटॅशियम, सल्फेट, सिलिका पण मोजायला पाहिजे. सोडियम का, तर पाण्यात धन भाराचे आणि ऋण भाराचे आयन सारखे असलेच पाहिजेत, दुकानदाराच्या जमाखर्चासारखं, दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर मोजणाऱ्याचं काहीतरी चुकलंय. चांगल्या प्रयोगशाळा पाच टक्क्यांच्या आतबाहेर हे जुळवतात. प्रदूषण मंडळाच्या नदीच्या आकड्यांत बहुतेक भर विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी आणि कोलिफॉर्म जंतूंवर, त्यावरनं ए ते ई वर्ग. सांडपाण्यासाठी ते योग्यच आहे, बेळगाव शहराचं पाणी बळ्ळारी नाल्यातनं वडगाव-शहापूरच्या भातशेतीत घुसतं तेव्हा तेच आकडे लागतात. पण त्यावरनं जमाखर्च जुळवता येत नाही, खडक कुठला ते कळत नाही, खत किती मुरलं ते कळत नाही.

माणसं नाहीत असं पण म्हणू नये. रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं कठीण खडकांसाठीचं प्रादेशिक केंद्र बेळगावातच आहे, ऐंशीच्या दशकापासनं. राणी चन्नम्मा विद्यापीठ इथं, विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय इथं. केमिस्ट्रीची एमएस्सी करणारी पोरं दरवर्षी बाहेर पडतात, प्रोजेक्टला तेच तेच इंटरनेटवरनं उतरवतात. त्यांना एकेक बोअर आणि एकेक पूल वाटून द्या. एखादा मास्तर मनावर घेईल तर हायस्कूलच्या पोरांना ईसी मीटर (पाण्यातनं वीज किती वाहते ते मोजणारा) हातात देऊन गावच्या ओढ्याची क्षारता आठवड्याला लिहायला लावता येते, मीटर काही हजारांत येतो, शाळेच्या गॅदरिंगच्या मांडवाला जास्त खर्च होतो.

कळसा-भांडुराचं पण हेच. मी खानापूरचा अभिमान बाळगणारा माणूस आहे, भीमगडच्या जंगलातनं पाणी हुबळी-धारवाडला जावं की नाही यावर माझं मत माझ्यापाशी ठेवतो, त्यावर बोलायला आमच्याकडं खूप लोक आहेत आणि मोठ्यांदा बोलणारे आहेत. पण सुधारित आराखड्याला केंद्रीय जल आयोगानं २०२२ च्या डिसेंबरमध्ये मान्यता दिली, त्या दिवशी त्या जंगलातल्या झऱ्यांचा, जांभ्याच्या सड्याखालनं, म्हणजे पठाराखालनं, निघणाऱ्या बारमाही पाण्याचा, महिन्यावार लोकांसमोर ठेवलेला हिशेब कुठं आहे? नदीतला उन्हाळ्यातला प्रवाह म्हणजे त्या झऱ्यांचंच पाणी, पाऊस कधीच संपलेला असतो. त्यातलं किती सड्यातनं येतं, किती खालच्या खडकातनं, हे सिलिका आणि क्लोराइड बघून अंदाजानं तरी सांगता येतं. गोवा म्हणतो आमची मांडवी, म्हणजे खाली गेलेली म्हादईच, खारी होईल, कर्नाटक म्हणतो फुकटची बोंब. दोघांनीही क्लोराइडच्या आकड्यांची एक लांब ओळ लोकांसमोर मांडावी, मग बोलावं.

आणि भाषेचं. सीमाप्रश्न कोर्टात २००४ पासनं आहे, तो तिथं राहू दे, मी आज फलकांच्या भाषेवर लिहायला बसलेलो नाही. पण पाण्याचा अहवाल इंग्रजीत आणि कन्नडात निघतो, आणि ज्या बाईनं तो नमुना भरून दिला तिला तो वाचता येत नाही, हे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शेकडो गावांचं वास्तव आहे. इथं मला अस्मितेपेक्षा व्यवहार दिसतो. आकडा कुठल्याही लिपीत आकडाच असतो, पण ‘नायट्रेट जास्त आहे, सहा महिन्यांच्या आतल्या लेकराला हे पाणी पाजू नका’ हे वाक्य तिच्या भाषेत असलं पाहिजे, आणि अथणीच्या आतल्या बाजूच्या गावात ते कन्नडातच असलं पाहिजे. तिथल्या मराठी घरातले सुद्धा कन्नडच वाचतात.

राहता राहिलं दोन राज्यांचं. दर उन्हाळ्यात कर्नाटक महाराष्ट्राला पत्र लिहितं, कोयनेचं पाणी सोडा, ते शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरनं खाली येतं, वर पंचगंगा मिळालेली असते, त्यातनं कोल्हापूर-इचलकरंजीचं काय काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे. दर पावसाळ्यात उलट, सांगली म्हणते अलमट्टीमुळं आमच्याकडं फुगवटा. २०१९ च्या पुरात दोन्हीकडची घरं बुडाली. अशा वेळी दोन्ही बाजूंकडं क्युसेकचे आकडे असतात आणि दोन्ही बाजू एकमेकांच्या आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत. पण राजापूरला घेतलेली बाटली आणि आमच्याकडं कृष्णेवरच्या कुडचीच्या पुलावर घेतलेली बाटली, एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं भरलेली, एक बेळगावच्या प्रयोगशाळेत आणि तिची जोडी कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत पाठवली, आणि दोन्हीकडचे आकडे एकाच पानावर छापले, तर त्यावर भांडायला जरा जास्त अक्कल लागेल. याला ना लवाद लागतो ना संसदेचा कायदा, दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एका दुपारी बसून ठरवायचं काम आहे. पहिला नमुना येत्या जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाआधी, दुसरा त्याच्या आठ दिवसांनी.